जिवाणूंचा फेरफार: गोठा, बाग आणि विहीर यांच्यातला औषध-प्रतिरोध कसा अडवायचा

प्रयोगशाळेचा कागद मी दोनदा वाचला. तात्यांच्या चंद्री गाईचं मागच्या उजव्या सडातलं दूध तपासायला पाठवलं होतं. जिवाणू निघाला ई. कोलाय, त्यात नवल काही नाही, शेणात तोच असतो. त्याखाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढं 'एस' नाहीतर 'आर'. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही, जिवाणू त्याला दाद देत नाही. यालाच प्रतिरोध म्हणतात. अँपिसिलिन आर, टेट्रासायक्लीन आर, सल्फा आर. आणि स्ट्रेप्टोमायसिन, तेही आर.

पहिली तीन मला समजली. ती आम्ही पशुवैद्यांनीच वर्षानुवर्षं टोचली आणि पाजली. पण स्ट्रेप्टोमायसिन? त्या वस्तीवर चार वर्षं मीच जातोय आणि ते एकदाही वापरलेलं नाही. तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "गाईला कशाला? आम्ही ते बागंला मारतो की. तेल्यावर."

तेल्या म्हणजे डाळिंबाचा जिवाणूंमुळं होणारा रोग. आटपाडी-सांगोल्याकडं ज्याच्याकडं डाळिंब आहे त्याला त्यावर फवारायची पुडी माहीत असते. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लीन. १९४३ साली सापडलेलं, क्षयरोगावर पहिल्यांदा गुण देणारं औषध आज आपल्याकडं ब्लोअरमधून झाडावर उडतं.

त्या दिवशी दुपारी तात्या आणि मी सगळी वस्ती पायी फिरलो. बागेपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून विहिरीपर्यंत, पाणी जिकडं वाहतं तिकडं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गोठ्यावर हेच करायला लावतो. तुमच्या रानात तुम्हाला ते माझ्याशिवाय करता यावं, म्हणून लिहितोय.

आधी तलाठ्याच्या भाषेत

जमीन दोन प्रकारे नावावर येते. बाप गेला की वारस नोंद लागते, नाहीतर शेजाऱ्याकडून विकत घेतली की खरेदीचा फेरफार पडतो. माणसाची, गाईची, डाळिंबाची जनुकं फक्त वारसाने येतात. जिवाणूंत मात्र खरेदीचाही व्यवहार चालतो, औषधाला दाद न देणाऱ्या जनुकांचासुद्धा. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतो. गाईच्या शेणातला ई. कोलाय मातीतल्या एखाद्या जिवाणूकडून जनुक घेऊ शकतो आणि ते पुढं माणसाच्या पोटातल्या जिवाणूला देऊ शकतो.

हे व्यवहार तीन तऱ्हांनी होतात. सगळ्यात जास्त चालणारी तऱ्हा अशी: दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात, मध्ये नळीसारखा पूल होतो आणि एकाकडचा डीएनएचा छोटा गोल तुकडा नक्कल होऊन दुसऱ्याकडं जातो. त्या तुकड्याला प्लास्मिड म्हणतात. देणाऱ्याचं काही जात नाही, त्याच्याकडं मूळ प्रत राहते. दुसरी तऱ्हा म्हणजे मेलेल्या जिवाणूचा डीएनए पाण्यात, मातीत सुटा पडलेला असतो, तो जिवंत जिवाणू आत ओढून घेतो. तिसऱ्या तऱ्हेत जिवाणूंना होणारे विषाणू चुकून एकाचं जनुक दुसऱ्यात नेऊन सोडतात.

सुटा डीएनए कसा दिसतो हे बघायचं असेल तर ते तुमच्या हातात आहे. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. दगडी (कासेचा दाह) झाल्याची शंका असलेल्या सडाचं थोडं दूध पांढऱ्या बशीत घ्या, तेवढंच हे पाणी त्यात घाला आणि बशी हळू गोल फिरवा. कासेत दाह असेल तर अर्ध्या मिनिटात दूध घट्ट, शेंबडासारखं तारेचं होतं. साबणाने दुधातल्या पांढऱ्या पेशी फुटतात, आणि ती तार म्हणजे त्यांच्यातून बाहेर सांडलेला डीएनए. हा गाईचा डीएनए, जिवाणूंचा नव्हे. पण पेशी फुटली की आतली कागदपत्रं बाहेर पडतात आणि लगेच नाहीशी होत नाहीत, एवढं त्यातून डोळ्यांना कळतं. रोज एका सडाची अशी चाचणी करायची सवय ठेवली तर आजार लवकर सापडतो तो फायदा वेगळाच.

आता चंद्रीच्या कागदाकडं परत. एका प्लास्मिडवर एकच नोंद असते असं नाही. सल्फाला दाद न देणारं जनुक आणि स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जनुकं पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर शेजारी-शेजारी बसलेली सापडतात. म्हणजे वासराच्या हगवणीला मी सल्फाची गोळी दिली, तरी स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिरोध फुकटात जपला गेला. चंद्रीच्या बाबतीत दोष बागेतल्या पुडीचा की माझ्या गोळीचा, हे सांगणं अवघड. मी तात्यांना म्हटलं, निम्मं-निम्मं वाटून घेऊ.

या एकगठ्ठा प्रकाराचा सगळ्यात चांगला धडा डेन्मार्कचा आहे. तिथं कोंबड्यांना आणि डुकरांना वाढीसाठी ॲव्होपार्सिन नावाचं औषध खाद्यातून देत. त्यामुळं माणसांच्या दवाखान्यातलं व्हँकोमायसिन निकामी करणारे जिवाणू तयार होतात हे दिसल्यावर १९९५ साली त्यावर बंदी आली. कोंबड्यांमधले असे जिवाणू पाच वर्षांत ७० टक्क्यांच्या वरून ६ टक्क्यांच्या आसपास आले. डुकरांमध्ये मात्र हलेचनात. कारण शोधलं तर डुकरांना टायलोसिन नावाचं दुसरं औषध चालूच होतं आणि दोन्ही प्रतिरोध एकाच प्लास्मिडवर होते. १९९८ साली टायलोसिन थांबलं, मग डुकरांतही आकडा खाली आला. म्हणून "मी अमुक औषध सोडलं, आता झालं" असं म्हणून भागत नाही.

रान कसं फिरायचं

एक पिशवी फक्की घ्या, रांगोळीची चालेल. सकाळी गोठा धुतल्यावर निघा, तेव्हा पाणी वाहतं असतं. तीन गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं फक्की टाकायची: शेण किंवा मूत, औषधाचा अंश, आणि ओल. तिन्हींपैकी एक जरी तोडली तरी व्यवहार मंदावतो. औषधाचा अंश किती, हा प्रश्न मनात आणू नका. जिवाणू मरायला जेवढं औषध लागतं, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं असलं तरी प्रतिरोधवाल्यांना दुसऱ्यांपेक्षा वरचढ करायला पुरू शकतं. आणि गाईला दिलेल्या टेट्रासायक्लीनचा बराचसा भाग जसाच्या तसा शेण-मुतातून बाहेर येतो.

तात्यांकडं पाच जागी फक्की पडली. गोठ्याच्या नालीचं तोंड. विहिरीला लागून असलेला उकिरडा. जीवामृताचं टिपाड. वासरांची दुधाची बादली. आणि पाचवी जागा मला अपेक्षित नव्हती. बागेतून फवारून आल्यावर पंप आणि नळ्या धुवायची जागा म्हणजे गोठ्याच्या हौदाशेजारची फरशी. पाणी तिथं आहे, म्हणून तिथं धुतात. ते धुतलेलं पाणी नालीत, नाली उकिरड्यात, आणि अधूनमधून गाय त्याच फरशीवरचं पाणी चाटते.

तुमच्याकडच्या जागा वेगळ्या असतील. शेजाऱ्याची कुक्कुटपालनाची शेड वरच्या अंगाला असेल तर ती बघा, कोंबडखत विकत घेत असाल तर ते कुठं उतरवलंय ते बघा. कोंबड्यांच्या खाद्यात पूर्वी सर्रास असलेलं कॉलिस्टिन आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी बंद केलं. हे माणसाच्या अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीचं औषध आणि त्याचा प्रतिरोध प्लास्मिडवरून उड्या मारतो हे चीनमध्ये डुकरांत २०१५ साली दिसलं होतं. दुकानात आजही कुणी "वाढीची पावडर" म्हणून काही देऊ केलं तर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका.

आजारी गाय

इथं आधी माझी कबुली. चंद्रीला मी पहिल्या दिवशी तपासणीविना एन्रोफ्लॉक्सासिन टोचलं आणि सडात ट्यूब सोडली. तीन दिवस गेले, सड तसाच. मग औषध थांबवून, काही दिवस जाऊ देऊन नमुना काढला. तो पहिल्या सुईच्या आधी काढायला हवा होता. घाई, फोनवर फोन, दूध घटतंय म्हणून मालकाचा जीव खालीवर, हे सगळं खरं. तरी चूक ती चूक.

नमुना असा काढायचा. सड धुवून कोरडा करा. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, बोळा काळा निघतोय तोवर नवा घेऊन पुसत राहा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडा, जमिनीवर नको. मग निर्जंतुक बाटली आडवी धरून, सडाला न टेकवता, दोन-तीन धारा आत घ्या. झाकण लावा, वर गाईचं नाव, सड, तारीख लिहा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आमच्या भागातले नमुने शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात जातात. तुमच्या जिल्ह्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. आणि शनिवारी काढू नका. रविवारभर बाटली कुणाच्या तरी फ्रीजमध्ये बसते आणि सोमवारी तिच्यात भलतंच वाढलेलं असतं.

गाय खातीपिती आहे, ताप नाही, फक्त दुधात थोड्या गाठी आहेत, असं असेल तर दर वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. ई. कोलायची सौम्य दगडी बऱ्याचदा वरचेवर धार काढून, सूज उतरवायचं औषध देऊन आपली आपण जाते. तो निर्णय तुमच्या डॉक्टरचा. तुमचं काम एवढंच, की "काहीतरी टोचा" असा आग्रह धरू नका. आग्रहाला आम्ही बळी पडतो, हे लिहून ठेवतो.

औषध सुरू झालं की गाईच्या पायाला लाल पट्टी बांधा. तात्यांच्या सूनबाईंनी जुन्या साडीची काठाची चिंधी बांधली. धार काढायला रोज वेगळा माणूस येत असेल तर वहीपेक्षा चिंधीच उपयोगी पडते. पट्टीवाल्या गाईच्या बाबतीत चार नेम पाळायचे.

तिचं दूध डेअरीला नाही, घरात नाही. किती दिवस, ते लेबलवर असतं. लेबलवर नसेल तर २०१२ सालापासून नियम असा आहे की दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. दूध उकळलं म्हणजे औषध गेलं, ही समजूत सोडा. उष्णतेने जिवाणू मरतात, बहुतेक औषधं शिल्लक राहतात.

ते दूध वासराला नाही. मला सगळ्यात जास्त विरोध इथं होतो. अठरा लिटर दूध ओतून द्यायचं म्हणजे पोटात तुटतं, वासरू तर कोरडं बघत असतं. पण वासराचं आतडं म्हणजे कोट्यवधी जिवाणूंची भरलेली जत्रा आणि त्यात रोज थोडं-थोडं औषध. प्रतिरोधवाले निवडून वाढवायला यापेक्षा सोयीची जागा नाही. पुढं त्याच कालवडीला हगवण लागली की माझ्याकडं औषध उरत नाही.

मग दुधाचं काय करायचं? नालीत ओतू नका. वेगळ्या छोट्या खड्ड्यात भुसा किंवा कडब्याचा चुरा टाकून त्यावर ओता आणि तो चुरा नंतर गरम खताच्या ढिगात मधोमध घाला.

आणि तिचं शेण वेगळं. जीवामृताला नाही, भाजीच्या वाफ्याला नाही. ढिगात घाला किंवा गोवऱ्या लावा, पाणी तापवायच्या चुलीत गेलेल्या गोवरीतून कुठलंच जनुक परत येत नाही. हात मात्र साबणाने धुवा. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ साली जे प्रसिद्ध केलं ते मी प्रत्येक घरात सांगतो. बॉस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लीन घातलेलं खाद्य दिलं. आठवड्याच्या आत कोंबड्यांच्या पोटातले जवळजवळ सगळे जिवाणू त्याला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत घरातल्या माणसांच्या शौचाच्या ३१ टक्के नमुन्यांत पाचापैकी चारहून जास्त जिवाणू प्रतिरोधक होते. शेजाऱ्यांमध्ये असे नमुने ७ टक्केसुद्धा नव्हते. त्या घरातल्यांनी औषध खाल्लं नव्हतं.

उकिरडा नको, ढीग हवा

उकिरड्याची खोड अशी की त्यावर रोज ताजं शेण पडतं. खालचं मुरलेलं, वरचं कच्चं, मध्ये नालीचं पाणी. तो कधीच पुरता तापत नाही आणि कधीच पुरता संपत नाही. मे महिन्यात ट्रॅक्टर लावून सगळं एकत्र उचलतात आणि बागेत टाकतात, कालचं शेणसुद्धा.

दोन जागा करा. एक भरत असताना दुसरी बंद. भरलेल्या जागेत पुन्हा एक पाटीही टाकायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. जागा विहिरीपासून किमान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंच.

ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच, लांबी हवी तेवढी. यापेक्षा लहान ढिगाची ऊब बाहेर निसटते. नुसतं शेण लावू नका, ते चिकट होऊन हवा कोंडते. शेणाचा थर, त्यावर तुरीच्या तुऱ्हाट्यांचे तुकडे, कडब्याची धाटं, डाळिंबाच्या छाटणीचा निरोगी पाला, पुन्हा शेण. ओल मुठीने तपासा. मूठभर माल दाबला की बोटांतून एखादा थेंब यावा. धार लागली तर फार ओला, हात कोरडा राहिला तर पाणी शिंपडा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी गज मधोमध खुपसा, पाच मिनिटांनी उपसा आणि हात लावा. धरवत नसेल इतका तापला पाहिजे. खात्री हवी असेल तर लांब दांड्याचा तापमापक घ्या, सहा जण मिळून घेतला तरी चालतो. आपल्याला ५५ अंशांच्या वर हवंय आणि ते १५ दिवस टिकवायचंय. त्या १५ दिवसांत ढीग पाच वेळा उलटा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पाच वेळा उलटणं हे कंबरडं मोडणारं काम आहे, मला माहीत आहे. पण न उलटलेल्या ढिगाची कड थंड राहते, आणि तिथले जिवाणू मजेत असतात. त्यानंतर दोन-तीन महिने मुरू द्या.

याने काय होतं? पेनिसिलिनच्या जातीची औषधं लवकर मोडतात, टेट्रासायक्लीन बरंच कमी होतं, शेणातले आतड्याचे जिवाणू मरतात. सगळी जनुकं नाहीशी होत नाहीत, आणि एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं शेणाला, मातीला चिकटून फार काळ टिकतात. म्हणून ते औषध मी आता शेवटी ठेवतो. बायोगॅसवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं की टाकीत ढिगाएवढी ऊब नसते. तिथली स्लरीसुद्धा थेट पालेभाजीला देण्याजोगी समजू नका.

जीवामृताचं टिपाड

इथं माझ्यावर रागावणारे बरेच निघतील. मी जीवामृताच्या विरुद्ध नाही, माझ्या भावाच्या बागेत ते दर पंधरवड्याला जातं. पण कृती नीट बघा. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, आणि सावलीत दोन-तीन दिवस ढवळत ठेवणं. जिवाणू वाढवायची ही उत्तम कृती आहे, तिचा हेतूच तो. आतड्यातले आणि मातीतले जिवाणू एका टिपाडात, गुळावर पोसलेले, एकमेकांना खेटून. माझ्या मते फेरफार पडायला याहून चांगली कचेरी सापडणार नाही. दिल्लीतल्या सांडपाण्याच्या आणि नळाच्या पाण्याच्या नमुन्यांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'एनडीएम-१' या प्रतिरोधाच्या जनुकाची देवघेव २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंशांना जास्त झाली होती. आपल्याकडं सावलीतल्या टिपाडाचं तापमान वर्षातले कितीतरी महिने त्याच्या आसपासच असतं.

म्हणून एक गाय जीवामृतासाठी ठरवून ठेवा, जिला निदान महिनाभर कुठलंही अँटिबायोटिक दिलेलं नाही. देशी असली तर उत्तम, पण औषध न घेतलेली असणं जास्त महत्त्वाचं. टिपाडाची काठी, बादली वेगळी. आणि जीवामृत जमिनीला द्या, मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडू नका. कोथिंबीर आपण कच्ची खातो.

बागेत

पंप धुवायची जागा बदला. हे आजच्या आज होण्यासारखं आणि फुकट आहे. बागेच्या कडेला, विहीर-ओढा-गोठ्यापासून लांब, मुरूम-वाळूचा चौकोन करा आणि तिथंच धुवा. द्रावण उरणार नाही एवढंच बनवा. उरलंच तर त्याच बागेत फिरवून संपवा.

दुसरं काम अवघड आहे: पुडीवरचा भर कमी करणं. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जी जनुकं जनावरांच्या, माणसांच्या जिवाणूंत सापडतात, त्याच जोडीची जनुकं झाडांच्या जिवाणूंतही सापडली आहेत. एकदा ती बागेत बसली की पुडी मारणं म्हणजे पैसे हवेत उडवणं. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा मोठा भर बागेच्या स्वच्छतेवर आहे, आणि ज्यांनी तो पाळला त्यांच्या बागा मी पाहिल्यात. तेल्या असेल तर मृग बहार टाळून हस्त बहार धरा, पावसातली ओल टळते. डागाळलेली फळं, फांद्या तोडून बागेबाहेर जाळा, बांधावर ढीग लावू नका. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. छाटणीनंतर बोर्डो मिश्रण.

बोर्डोत मोरचूद असतं, आणि मोरचूदही निर्दोष नाही. तांबं मातीतून जात नाही, आणि तांबं सोसण्याची जनुकं कधी-कधी औषध-प्रतिरोधाच्या जनुकांसोबत एकाच प्लास्मिडवर असतात. गाईंच्या खुरांसाठी मोरचुदाचं पाणी वापरता त्यालाही हेच लागू. तरी पुडी की बोर्डो असं विचाराल तर मी बोर्डो म्हणेन, गरजेपुरतं.

पिण्याची विहीर

विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा. येतात ते घनमीटर, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तात्यांची विहीर ४ मीटर व्यासाची, ३ मीटर पाणी. म्हणजे ३७ हजार ७०० लिटर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागं अडीच ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ते विहिरीत बुडवून हलवा. संध्याकाळी टाका, सकाळी पाणी वापरा. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली, नाहीतर पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो.

क्लोरीनने जिवाणू मरतात, सुटा डीएनए थोडाफार उरू शकतो. पण चिकटून देवघेव करायला जिवंत जिवाणू लागतात, आणि सगळ्यात जास्त चालणारी वाट तीच आहे.

उरलेल्या औषधांचं थोडक्यात. अर्धवट बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात साठवू नका, उकिरड्यात फेकू नका. दवाखान्यात परत द्या, आमच्याकडं जैववैद्यकीय कचऱ्याचा वेगळा डबा असतो. एखाद्या ठिकाणी घ्यायला नकार मिळतो, मलाही हे ऐकायला मिळालंय. मग पुढच्या भेटीत डॉक्टरच्या गाडीत ठेवा.

चंद्रीचा तो सड शेवटी आटलाच. ती आता तीन सडांवर चौदा लिटर देते. तात्यांनी हौदाशेजारची फरशी उखडली आणि पंप धुवायचा मुरुमाचा चौकोन बागेच्या वरच्या बांधावर केला. मी परवा गेलो तर त्या चौकोनात पाणी साचलेलं, बाजूला शेजाऱ्याचं शेरडू बांधलेलं. खुंटी तिथून हलवली आणि चौकोनाला काट्यांचं कुंपण करायला सांगून आलो.